पोर्तुगालात यजमानांच्या घरी जेवताना: गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

गोव्यातून पोर्तुगालला शिकायला जाणारी मुले व्हिसा, विमा, बँक, गरम कपडे यांच्या मागे कितीतरी महिने धावत असतात. जेवणाचा विषय मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून मागे राहतो. भाड्याची खोली घेऊन राहणार असाल तर तसे चालूनही जाते. यजमान कुटुंबात राहणार असाल तर नाही चालत, कारण त्या घराला तुमची खरी ओळख जेवणाच्या मेजावर होते आणि तुमची पोर्तुगीजही वर्गापेक्षा तिथेच जास्त सुधारते.

मी लिस्बनजवळ अशाच एका घरात राहिले. आता फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतून निघालेली, घरी मराठी बोलणारी, सोमवार-गुरुवार पाळणारी मुले मला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट आग्रहाने सांगते: काय खात नाही ते घरात पाऊल टाकण्याआधी, नाव घेऊन सांगा, आणि जे खाता ते त्यांच्याबरोबर, त्यांच्या वेळेला बसून खा.

आधी स्वतःशी ठरवा

"मी शाकाहारी" किंवा "मी मांसाहारी" एवढ्याने तिथे काम भागत नाही. आपल्याकडच्या हिंदू घरांत रोज नुस्ते असते, सोमवारी शिवराक (शाकाहारी) असते, कोंबडी चालते, डुकराचे चालत नाही, गोमांसाचा तर प्रश्नच नाही; आणि अंड्याचे प्रत्येक घरात वेगळे. हे आपल्याला सांगावे लागत नाही, कारण शेजाऱ्यालाही ते माहीत असते. पोर्तुगालमधल्या यजमान बाईंना ते कुठून कळणार? तिथे 'कार्न', म्हणजे मांस, म्हटले की बऱ्याच लोकांच्या डोळ्यांसमोर गाय आणि डुक्करच येते. 'कार्न नको' म्हटलेल्या पाहुण्यापुढे कोंबडी किंवा हॅमचा काप घातलेले सँडविच येऊ शकते, आणि त्यात त्यांचे काही चुकलेले नसते.

म्हणून कागद घ्या आणि तीन याद्या करा. कधीच खाणार नाही ते. ठरावीक दिवशी खाणार नाही ते. आजवर खाल्ले नाही, पण चाखून बघेन ते. तिसऱ्या यादीत प्रामाणिक राहा. ऑक्टोपस, माणके, शिंपल्यांचा भात, मेंढीच्या दुधाचे वासाचे चीज या सगळ्यांची गाठ पडणार आहे. माशांवर वाढलेल्या गोंयकाराला यातले बरेचसे जड जात नाही. तिसऱ्यो आवडीने खाणाऱ्याला त्यांच्या शिंपल्यांचे काय भय? पण दुसऱ्या कोणाला दाखवायला म्हणून यादी लांब किंवा आखूड करू नका. महिनोन्‌महिने तुम्हालाच ती पाळायची आहे.

पहिले पत्र

घर ठरल्याचे कळले की त्याच आठवड्यात यजमानांना ईमेल लिहा. साधारण असे: "मी मासे, कोंबडी, अंडी, दूध, भात, पाव, सगळ्या भाज्या आणि कडधान्ये खाते. गाय आणि डुक्कर मी खात नाही. सॉसेज, हॅम, डुकराची चरबी आणि त्यांच्या रसात शिजवलेलेही खात नाही. सोमवारी मी मासे-मांस-अंडी खात नाही; त्या दिवशी सूप, पाव, भात, कडधान्य मला पुरते. माझ्यासाठी वेगळे रांधायची गरज नाही." शेवटचे वाक्य गाळू नका. नवख्या पाहुण्यासाठी दोन-दोन स्वयंपाक करावे लागतील ही धास्ती यजमानांना असते, आणि ती या वाक्याने जाते.

त्याच पत्रात चार गोष्टी विचारून घ्या. ठरलेल्या पैशांत कुठली जेवणे धरली आहेत? 'मैया पेंसांव' म्हणजे बहुतेक न्याहारी आणि रात्रीचे जेवण. शनिवार-रविवारचे काय? स्वयंपाकघर वापरता येईल का, आणि कोणत्या वेळी? फ्रिजमध्ये एखादा कप्पा मिळेल का? हे प्रश्न आधी विचारले तर व्यवहाराचे वाटतात. तिसऱ्या आठवड्यात तेच विचारले तर तक्रारीसारखे ऐकू येतात.

काही वाक्ये तोंडपाठ करून जा. 'नांव कोमु कार्न द वाका, नें द पोर्कु' म्हणजे मी गायीचे खात नाही, डुकराचेही नाही. 'जा शेगा' म्हणजे पुरे झाले. आभार मानताना मुलग्याने 'ओब्रिगादु' म्हणायचे, मुलीने 'ओब्रिगादा'. आणि 'श्ता मुइंतु बों', फार छान झालेय, हे मनापासून आणि पुष्कळदा म्हणायचे.

बॅगेत काय घ्यावे, काय नको

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे आईने कढवलेले तूप घरीच राहू द्या, पेढेही. ताजी फळे, भाज्या, पाने यांना रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. नारळ, केळी, अननस, खजूर आणि डुरियन एवढीच त्यातून सुटतात. कढीपत्त्याची जुडी किंवा हळदीची पाने बॅगेत टाकू नका. सुके खोबरे विमानालाच चालत नाही. त्यात तेल असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून भारतातल्या विमानतळावरच ते काढून ठेवतात. सुक्या माशांना युरोपच्या नियमांत वैयक्तिक वापरापुरती सूट आहे, तरी नेऊ नका. परक्याच्या कपाटात सुक्या सुंगटांचा वास किती दिवस राहतो ते आपण जाणतो.

न्यायचे ते थोडेच: सोले, तिरफळे, घरचे तिखट, गरम मसाला, हळद, हिंग. हिंगाची डबी दोन पिशव्यांत घट्ट बांधा. यजमानांसाठी सालीसकट भाजलेले आपले काजू न्या, ते कोणालाही आवडतात. तांदूळ-डाळीचे ओझे नेऊ नका, तिथे सगळे मिळते. लिस्बनच्या मार्तिम मोनिझ चौकात आणि शेजारच्या बेन्फोर्मोझु रस्त्यावर भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकाने ओळीने आहेत. तूरडाळ, मूग, नारळ, कढीपत्ता तिथून आणता येतो.

दिवस कसा जातो

सकाळचे खाणे हलके असते. पाव, लोणी, चीज, जॅम, सोबत कॉफी-दूध. फोव, उपीट, पातळ भाजी असल्या न्याहारीची सवय असेल तर अकरा वाजता पोटात कावळे ओरडतील, तेव्हा एखादे फळ सोबत ठेवा. पावाच्या बाबतीत मात्र गोव्याच्या माणसाला तक्रारीला जागा नाही. रोज ताजा पाव आणायची त्यांची रीत आपल्यासारखीच आहे. मक्याचा जड 'ब्रोआ' आणि आलेंतेजु प्रांताचा जाड कवचाचा पाव आवर्जून खाऊन बघा.

दुपारचे जेवण साडेबारा ते दोनच्या मधे. त्या वेळी तुम्ही बहुधा महाविद्यालयात असाल. पोर्तुगालात 2017 सालच्या 11 क्रमांकाच्या कायद्याने सरकारी कँटीनमध्ये रोज एक संपूर्ण शाकाहारी जेवण ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्यात सरकारी विद्यापीठे येतात. पाळायच्या वारी याचा मोठा आधार होतो: दुपारी तिथे पोटभर जेवा, म्हणजे रात्री सूप-पावावर सहज भागते. घरून डबा नेणेही तिथे सर्रास चालते. डब्याला 'मार्मिता' म्हणतात. आदल्या रात्रीचे उरलेले डब्यात नेऊ का असे विचारलेत तर बाईंना आनंदच होईल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास 'लांश', म्हणजे कॉफी आणि काहीतरी गोड किंवा एखादा टोस्ट. रात्रीचे जेवण आठ ते नऊच्या दरम्यान. हीच दिवसाची खरी बैठक. कितीही अभ्यास असला तरी ताट घेऊन खोलीत जाऊ नका. यायला उशीर होणार असेल किंवा बाहेर जेवणार असाल तर दुपारपर्यंत कळवा. स्वयंपाक माणसे मोजून होतो.

आईला फोन करून काही विचारायचे असेल तर घड्याळाचे गणित लक्षात ठेवा. हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तुमच्या रात्रीच्या आठ वाजता फोंड्याला मध्यरात्र उलटून गेलेली असते. पाककृती दुपारीच विचारून ठेवा.

ताटात काय आहे ते ओळखा

जेवणाची सुरुवात अनेक घरांत सूपाने होते. बटाटा, कांदा, गाजर, भोपळा शिजवून घोटलेले, वर पालेभाजी. हिवाळ्यात तिथली घरे आतून फार गार असतात, तेव्हा हे सूप म्हणजे आपल्या पेजेसारखा आधार. पण 'काल्दु व्हेर्द' या प्रसिद्ध हिरव्या सूपात वरून चोरिसाची चकती टाकतात. ती चकती बाजूला काढून भागत नाही, कारण कधी चोरीस सूपातच उकळलेले असते. त्यांचे 'शोरीसु' आपल्या चोरिसासारखे आंबट-तिखट नसून धुरावलेले असते, तरी डुकराचेच.

लपलेले डुक्कर आणखी कुठे असते? राजम्यासारख्या बीन्सच्या कालवणात. मटार आणि अंड्याच्या भाजीत. भात शिजवताना टाकलेल्या सूपच्या खड्यात, जो कोंबडीचा किंवा गायीचा असू शकतो. काही मिठायांत 'बान्या' म्हणजे चरबी असते. 'तोसीन्यु दु सेउ' या नावाच्या गोडात तर ती परंपरेनेच घालतात. जेलीसारख्या थरथरत्या गोडात जिलेटिन असते. 'आल्येरा' हे सॉसेज मुळात यहुद्यांनी डुकराशिवाय केले असे सांगतात, पण आज दुकानात मिळणाऱ्यात डुक्कर असू शकते. त्यांची बहुतेक गोडे अंड्याच्या बलकाची, तेव्हा अंडे न खाणाऱ्याने फळ मागून घ्यावे. हे सगळे एकदा शांतपणे विचारून वहीत लिहून ठेवा. दर जेवणाला काट्याने उकरत बसणे रांधणाऱ्याला लागते.

माशांत मात्र आपली चंगळ. 'कारापाव' आणि 'सार्दीन्या' कोळशावर भाजून, मीठ लावून. 'काव्हाला' म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. जूनमध्ये लिस्बनला सांतु आंतोनियुच्या रात्री, म्हणजे 12 तारखेला, गल्लोगल्ली तारल्यांसारख्या या सार्दीन्या भाजतात आणि पावाच्या कापावर ठेवून चक्क हाताने खातात. पोर्तुला 23 जूनच्या रात्री सांव जुआंवचा उत्सव असतो. आपल्याकडे त्याच वेळी विहिरींत उड्या मारत सांजांव चाललेला असतो, हे त्या घरात जरूर सांगा. मेजावर तासभर गप्पा रंगतील.

'बाकाल्याव' म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवल्यावरच तो रांधतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने 'आ ब्राश' प्रकाराने सुरुवात करावी: माशाचे धागे, कांदा, बटाट्याच्या कुरकुरीत काड्या आणि अंडे. नाताळच्या आदल्या रात्री हाच मासा नुसता उकडून बटाटे आणि कोबीसोबत येतो, वर ऑलिव्हचे तेल. मसाल्याच्या जिभेला तो फिका लागेल. तरीही त्या रात्री तो घ्या, कारण तो त्या घराचा सण आहे.

तिखटाची उणीव पहिल्या आठवड्यातच जाणवते. 'पिरी-पिरी'ची बाटली पुष्कळ घरांत असते, मागायला हरकत नाही. फक्त बाईंच्या पदार्थाची चव घेण्याआधी त्यावर ओतू नका. कोथिंबिरीची आठवण येत असेल तर आलेंतेजुकडचे 'आसोर्दा' मागा: पाव, लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि गरम पाणी, वर अंडे.

मेजावर

सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबा. भात काट्या-सुरीने, पाव हाताने. एकाच ताटात भात आणि तळलेले बटाटे दोन्ही आले तर नवल मानू नका, तशी तिथली रीतच आहे. जेवण झाल्याची खूण म्हणून काटा-सुरी एकमेकांना समांतर ताटात ठेवतात. वाइन नको असेल तर "पाणी घेईन" एवढेच म्हणा, कोणी कारण विचारत नाही. नळाचे पाणी पिण्यासारखे असते.

आपल्याकडे पहिल्या वेळी भिडेने "नको, नको" म्हणायचे आणि यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, ही रीत आहे. तिथल्या आजीबाई आग्रह करतीलही, अगदी आपल्या आजीसारखा. तरुण जोडपे मात्र तुमचा नकार खरा मानून भांडे उचलून नेईल. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. जेवण झाल्यावर उठून भांडी उचलायला लागा. पहिल्या दिवशी "राहू दे" म्हणतील. दुसऱ्या दिवशीही उचला.

आपले वार आणि चवथ

उपासाविषयी बोलताना संकोच नको. कॅथलिक घरांत ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य करायची परंपरा आहे, आणि आता काटेकोर न पाळणाऱ्यांनाही ती आजीकडून ठाऊक असते. "तुमचा शुक्रवार तसा आमचा सोमवार" म्हटले की पुढे समजवावे लागत नाही. गोव्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सोबतीने वाढलेल्या मुलांना हे सांगणे सोपे जाते.

संपूर्ण श्रावण पाळणार असाल तर महिना सुरू होण्याआधी दिनदर्शिका दाखवून तारखा सांगा आणि त्या दिवसांत काही जेवणे स्वतः रांधायची तयारी ठेवा. चवथीला मन घरी धावतेच. लिस्बनच्या लुमियार भागात पोर्तुगालच्या हिंदू समाजाचे राधाकृष्ण मंदिर आहे आणि तिथे शाकाहारी जेवण मिळते. मंडळी बहुतेक दीव आणि मोझांबिकमार्गे गेलेली गुजराती, तरी सणाच्या दिवशी आपलेपणा वाटतो. लिस्बनला 'काझा द गोआ' ही गोंयकारांची संस्थाही आहे.

तुम्ही रांधाल तेव्हा

पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचे वेगळे रांधू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जिभेला त्या घराची चव लागू द्या. मग एखाद्या शनिवारी विचारा: "आज मी करू का?" आणि असा पदार्थ निवडा की ज्याचे मुख्य जिन्नस त्यांच्याच फडताळात असतील.

माझी पसंती आळसांद्यांच्या तोणाकाला, म्हणजे चवळीच्या वाटण घातलेल्या उसळीला. तिथे 'फैजांव फ्राद' नावाने चवळी सुकीही मिळते आणि शिजवलेली बरणीतही. ते लोक ती कांदा आणि ट्यूना घालून गार खातात. चार-पाच जणांना पाव किलो सुकी चवळी रात्रभर भिजवा आणि मऊ शिजवा. तिथल्या घरांतही प्रेशर कुकर असतो. खोबऱ्याचा कीस दुकानात केकच्या सामानाजवळ मिळतो. तो वाटीभर घ्या. चमचाभर धणे, सात-आठ मिरी, दोन लवंगा आणि एक उभा चिरलेला कांदा तेलावर परता, त्यात कीस घालून तांबूस होईपर्यंत भाजा, हळद घाला, थोडे पाणी घालून गंधासारखे वाटा. मिरची घरच्या निम्मीच. वाटण शिजलेल्या चवळीत घालून उकळी आणा, मीठ घाला, शेवटी दोन सोले. पावासोबत वाढा. भाजलेल्या खोबऱ्याचा वास घरभर जातो, म्हणून आधी खिडकी उघडा, चिमणी लावा आणि स्वयंपाकघराचे दार ओढून घ्या.

मासे खाणारे घर असेल तर पुढच्या वेळी काव्हालाचे हुमण करा. डब्यातले नारळाचे दूध, तिरफळे, सोले, बेताचे तिखट. सोलकढी दिलीत तर लहान पेल्यात द्या. खारट-आंबट पेय त्यांच्या सवयीचे नाही.

तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नका. ते बाटलीत भरून ठेवतात आणि रस्त्यावरच्या ठरलेल्या पेटीत टाकतात. ओटा आणि चूल तुम्हाला मिळाली होती त्याहून स्वच्छ करून परत द्या.

बिनसले तर

कधी घर चांगले असते, पण जेवण जमत नाही. पोट भरत नाही, किंवा सांगूनही ताटात नको ते येत राहते. आधी बाईंशी एकटीशी बोला, जेवणाच्या मेजावर सगळ्यांसमोर नको. "मला थोडा जास्त भात चालेल", "सोमवारी मी स्वतःचे सूप करून ठेवू का?" अशी नेमकी मागणी करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर ज्या संस्थेने घर ठरवून दिले तिच्या समन्वयकाला लिहा. पत्रात तारखा, काय ठरले होते आणि काय मिळाले एवढेच असू द्या, आणि आपले पहिले पत्र सोबत जोडा. घर बदलून मिळू शकते. निघताना मात्र बाईंचा निरोप घ्या, आणि त्यांचे तुम्हाला आवडलेले सूप कसे करायचे ते लिहून घ्या.